मशीन आधी की डिस्क?

लग्नसराई तोंडावर आली की व्हिडिओच्या धंद्यातल्या माणसापुढे दरवर्षी तोच प्रश्न येतो. गाठीशी तीन लाख रुपये आहेत. ते वेगवान प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डात घालायचे, की फुटेज ठेवायच्या डिस्कांत? बाजारात बोलबाला मशीनचा असतो. डिस्कचं नाव कोटेशनच्या शेवटच्या ओळीत येतं, तेही पैसे उरले तर. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं, पण दोन्हींचं वजन सारखं वाटत नाही. वाचकांना ते स्वतःच्या हाताने तोलून बघता यावं, म्हणून या दोन बाजू मी दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. मामा सांगलीत लग्नाच्या फिल्म करतात. भाची पुण्यात माहितीपटांचं एडिटिंग करते.

मामा: हे कोटेशन बघ. नवा प्रोसेसर, मागच्या मालिकेतलं पण दणकट ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी रॅम, २ टीबीची एसएसडी. सगळं मिळून दोन लाख नव्वद हजार. उरलेल्या दहा हजारांत एक हार्ड डिस्क घेतो, झालं काम.

भाची: मामा, पण यात सीझनचं फुटेज राहणार कुठे?

मामा: ते पुढचं पुढे बघू. माझं दुखणं वेगळं आहे. असं बघ, शेवटची मंगलाष्टका संपते, अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात. माझे तीन कॅमेरे चालू आहेत. एक नवरीवर, एक नवरदेवावर, एक समोरून सगळ्या स्टेजवर. नवरीची नजर कुठल्या फ्रेमला वर उठते आणि तिथून नवरदेवावर कधी जायचं, हा खेळ चार-पाच फ्रेमचा असतो. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. जुन्या मशीनवर तिन्ही ट्रॅक एकत्र लावले की चित्र अडकतं आणि आवाज पुढे निघून जातो. मग कट कशावर ठरवायचा? अंदाजावर? आणि एकदा अंदाजावर काम सुरू झालं की माणूस दुसरा कट करून बघायचंच सोडतो. पहिला जमला तोच ठेवतो. हे नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही, पण फिल्ममध्ये दिसतं.

भाची: हे मला पूर्ण मान्य आहे. अडखळणाऱ्या चित्रावर लय कळत नाही. पण ते अडखळतं कशामुळे, ते बघितलंत का?

मामा: मशीन जुनं झालंय, दुसरं काय असणार?

भाची: तुमचा कॅमेरा एच.२६५ मध्ये लिहितो, १०-बिट, ४:२:२. कार्डावरची जागा वाचावी म्हणून तो प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. एक फ्रेम पूर्ण, मग पुढच्या काही फ्रेममध्ये फक्त बदल तेवढे. नुसतं बघायला हे सोपं जातं, कारण चित्र सरळ पुढे जात राहतं. कापताना तुम्ही मध्येच कुठल्यातरी फ्रेमवर जाता, तेव्हा मशीनला आधीची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासूनचे सगळे बदल जोडत यावं लागतं. तीन कॅमेरे म्हणजे हे तीन ठिकाणी एकदम. एवढं काम निव्वळ प्रोसेसरच्या ताकदीवर होत नाही, त्याला वेगळं सर्किट लागतं, आणि ते सर्किट तुमच्याच फॉरमॅटला चालावं लागतं.

मामा: मग एवढं महाग कार्ड घेतोय ते कशाला?

भाची: तिथेच तर गोम आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये जे अंगचं ग्राफिक्स असतं, त्याला १०-बिट ४:२:२ चं एच.२६५ उलगडता येतं. ॲपलच्या एम मालिकेलाही येतं. एनव्हिडियाच्या कार्डांना मात्र ४:२:२ उलगडणं आरटीएक्स ५० मालिकेपासून जमायला लागलं. तुम्हाला दिलेलं कार्ड त्याआधीचं आहे. आणि आता प्रोसेसरच्या नावाचं शेवटचं अक्षर बघा.

मामा: एफ.

भाची: इंटेलच्या त्या ‘एफ’चा अर्थ असा, की यातलं अंगचं ग्राफिक्स बंद आहे. तोच प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून कोटेशनमध्ये घातलेला असणार. म्हणजे कार्डालाही ते जमत नाही, प्रोसेसरलाही नाही. रंगकाम झटपट झालं असतं, नॉइज काढणं झटपट झालं असतं, कारण दाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर ती कामं ग्राफिक्स कार्डाकडे देतं. पण अंतरपाटाच्या त्या चार फ्रेमवर तुम्ही तीन लाख घालूनही अडकला असता.

मामा: बरं झालं दाखवलंस. एफ काढून टाकतो. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. नीट बघून घ्यायचं, पण पैसे वेगालाच द्यायचे.

भाची: वेग विकतच घ्यायला हवा असं नाही. फुटेजची हलकी प्रत काढा, प्रॉक्सी. साध्या एचडी आकाराची, जिच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. प्रोरेस प्रॉक्सी घेतलं तर २५ फ्रेमना सेकंदाला ३८ मेगाबिटच्या आसपास. चार वर्षांपूर्वीच्या मशीनवरही तीन ट्रॅक पाण्यासारखे चालतात. कट प्रॉक्सीवर ठरवायचे, शेवटी मूळ फुटेज जोडायचं. यात कमीपणा काही नाही. हॉलिवूडचा एडिटर वॉल्टर मर्च याने ‘कोल्ड माउंटन’ २००३ साली बाजारात मिळणाऱ्या पॉवर मॅक जी४ मशीनवर, फायनल कट प्रोमध्ये एडिट केला. फिल्मच्या हलक्या डिजिटल प्रतीवर कट ठरले, मग मूळ फिल्म त्याप्रमाणे जुळवली. त्या एडिटिंगला ऑस्करचं नामांकन होतं. आजचा आपला मोबाइल त्या मशीनपेक्षा ताकदवान आहे.

मामा: मर्चकडे सहाय्यक होते. माझ्याकडे एक पोरगा आहे, तोच दिवसभर कॅमेरा धरतो. शिवाय मर्चला कुणी त्याच दिवशी संध्याकाळी फिल्म मागितली नव्हती. आता लोकांना सकाळच्या मुहूर्ताची दोन-तीन मिनिटांची फिल्म रात्रीच्या रिसेप्शनला पडद्यावर हवी असते. दुपारी दोनला कार्डं हातात येतात, सातला पाहुणे यायला लागतात. त्या पाच तासांत प्रॉक्सी कधी बनवू आणि कापू कधी?

भाची: त्या कामाला तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तुमचा कॅमेरा मूळ फुटेजबरोबर प्रॉक्सीही लिहू शकतो. मेनूत ती सोय आहे, चालू करा. कार्ड हातात येतं तेव्हा प्रॉक्सी तयार असते.

मामा: करतो. तरी फोकस प्रॉक्सीवर कळत नाही. शालूवरच्या जरीचा रंग कळत नाही. नवरीच्या डोळ्यांवर फोकस होता की मागच्या फुलांवर, ते मूळ फुटेजवरच दिसतं. तुझा माहितीपट सहा महिने चालतो. माझ्याकडे सीझनमध्ये पाठोपाठ लग्नं असतात. मशीनने रोज वाचवलेला एक तास म्हणजे माझी एक तासाची झोप आहे.

भाची: म्हणून तर मशीन घेऊच नका असं मी म्हणत नाही. आधी फुटेजचा हिशेब करा आणि त्यातून जे उरेल त्यात मशीन बसवा, एवढंच म्हणते. कॅमेरा किती मेगाबिटवर ठेवलाय?

मामा: शंभर.

भाची: सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे, प्रत्येकी सहा तास धरा. एका लग्नाचं ८१० जीबी. सीझनला पंचवीस लग्नं धरली तर २० टीबी. कोटेशनमधल्या २ टीबीच्या एसएसडीवर सॉफ्टवेअर आणि त्याचा पसारा वगळून जेमतेम दोन लग्नं मावतात.

मामा: आणि त्याच्या दोन-दोन प्रती म्हणजे ४० टीबी. त्याचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईक फिल्मचे पैसे देतं, साठवणीचे नाही. शिवाय डिस्क वर्षागणिक स्वस्त होते. आज ४० टीबी घेऊन ठेवणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या मालाला या वर्षीचा भाव देणं. लागेल तशी घ्यावी.

भाची: स्वस्त होत जाते, पण भरवसा नाही. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर डिस्कांचे भाव चढले. तरी तुमचं निम्मं म्हणणं मी घेते. पाच वर्षांची साठवण आज घेऊ नका. सगळी पंचवीस लग्नंही एका वेळी हातात नसतात. फिल्म देऊन टाकेपर्यंत एका वेळी किती साठतात?

मामा: सात-आठ.

भाची: आठ लग्नं म्हणजे साडेसहा टीबी. ८ टीबीच्या तीन साध्या हार्ड डिस्क घ्या. दोन स्टुडिओत, एक दुसरीकडे. ४० टीबीची गरजच उरली नाही.

मामा: दोन स्टुडिओत आहेत तर तिसरी कशाला?

भाची: ते सांगलीच्या माणसाने विचारावं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. मारुती रोड, हरभट रोड पाण्याखाली होते. एका कपाटात तुम्ही दोन प्रती ठेवा नाहीतर दहा, पाण्याच्या हिशेबी ते एकच कपाट. हरिपूरची पेवं आठवतात ना? जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, याहून चांगली साठवण सापडणार नाही. २००५ च्या पुरात त्याच पेवांत पाणी शिरलं. साठवण उत्तम होती, पण सगळी एकाच जागी होती.

मामा: पेवांचं म्हणतेस ते खरं. पण मी तर आरएआयडी घेणार होतो. दोन डिस्क एका डब्यात, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. ती बॅकअपच झाली की.

भाची: नाही मामा. एक डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठी ती सोय आहे. तुमच्या पोराने चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्हींवरून एकाच क्षणी उडतं. ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना १९९८ साली पिक्सारमध्ये कुणीतरी चुकीची कमांड दिली आणि सर्व्हरवरचा चित्रपट डोळ्यांदेखत नाहीसा होत गेला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता आणि ते कुणी तपासलं नव्हतं. गॅलिन सुसमन ही तिथली तांत्रिक प्रमुख. घरी तान्हं बाळ असल्यामुळे ती घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या मशीनवर चित्रपटाची प्रत होती. त्या प्रतीवरून काम पुन्हा उभं राहिलं. प्रत दुसऱ्या छपराखाली होती म्हणून वाचली.

मामा: एवढ्या मोठ्या कंपनीत?

भाची: आपल्याकडचंच घ्या. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. जुन्या चित्रपटांची मूळ रिळं जळाली. ज्यांच्या प्रती आधीच सेफ्टी फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, ते चित्रपट मूळ रीळ गेलं तरी राहिले. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने यावर सोपा नियम रूढ केला. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. तुमची कामाची एसएसडी आणि स्टुडिओतल्या दोन हार्ड डिस्क मिळून तीन प्रती झाल्या, माध्यमंही दोन झाली. तुमच्याकडे नाही ती फक्त वेगळी जागा. तिसरी हार्ड डिस्क त्यासाठी. ती आत्याच्या घरी ठेवा, विश्रामबागेत.

मामा: क्लाउडवर टाकलं तर? डिस्क घेऊन फिरायला नको.

भाची: ८१० जीबी आहे. अपलोड सेकंदाला १०० मेगाबिटने सलग मिळाला तरी अठरा तास लागतात. तयार फिल्म आणि प्रोजेक्ट फाइल जरूर टाका, त्या लहान असतात. कच्च्या फुटेजला डिस्कच बरी.

मामा: बरं, मग एसएसडीच तीन घेऊ. हार्ड डिस्क आता कोण वापरतं?

भाची: ज्याला स्वस्तात जास्त जागा हवी तो. कपाटात महिनोन् महिने पडून राहायचं काम एसएसडीचं नाही. विजेशिवाय पडून राहिली की तिच्यातला भार हळूहळू झिरपतो. तिची जागा टाइमलाइनखाली, जिथे तीन कॅमेरे एकदम वाचायचे असतात. हार्ड डिस्क एक फाइल सेकंदाला १५०-२०० मेगाबाइटने सहज देते, पण तीन फाइली एकदम मागितल्या की तिचं डोकं इकडून तिकडे धावत राहतं. तिथे एसएसडीच हवी.

मामा: ती मात्र सर्वांत वेगवान. सेकंदाला सात हजार मेगाबाइटवाली.

भाची: हिशेब करू. तुमचे तीन ट्रॅक मिळून सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट. सगळं फुटेज प्रोरेस ४२२ मध्ये बदललं तरी ४के ला एका ट्रॅकचे साधारण ६१, तिघांचे १८४. साधी साटा एसएसडी ५५० देते. सात हजाराच्या डिस्कचे जास्तीचे पैसे कशासाठी? तेच पैसे दुप्पट जागेला द्या. फक्त एक जपा. फार स्वस्त एसएसडी सुरुवातीला जोरात लिहिते आणि शंभर-दोनशे जीबी झाले की तिचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकतो. लग्नाचं फुटेज उतरवताना नेमकं तेच होतं. आणि तुमचा तो जुना यूएसबी हब फेकून द्या.

मामा: हबाने काय केलं?

भाची: तो यूएसबी २ चा आहे. डिस्क कितीही चांगली असो, त्यातून सेकंदाला पस्तीस-चाळीस मेगाबाइटच्या वर जात नाही. ८१० जीबी उतरवायला सहा तासांच्या आसपास लागतात. तीच हार्ड डिस्क मशीनच्या यूएसबी ३ च्या पोर्टला थेट लावली तर दीड तास. इथे एक पैसाही न घालता साडेचार तास वाचले.

मामा: हे असं कुणी सांगतच नाही. बरं, मी आणखी एक मांडतो, यावर तू काय म्हणतेस बघू. डिस्क कितीही जपल्या तरी चोवीस तास धावपळ करणारा माणूस चूक करणारच. पहाटे तीनला वरातीतून आलेला पोरगा कार्ड रिकामं करतो, ते कुठल्याही नियमाने थांबत नाही. मशीन वेगवान असेल तर काम वेळेत संपतं, माणूस वेळेत झोपतो, चुका कमी होतात. वेगसुद्धा जपणूकच आहे.

भाची: याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंय ते. मी फक्त एवढंच म्हणेन, की पहाटे तीनला कार्ड रिकामं करायची गरजच पडू नये. आणखी चार कार्डं घ्या. दोन डिस्कांवर प्रत गेली, दोन्ही प्रतींचा चेकसम जुळला, मगच कार्ड फॉरमॅट करायचं. झोप झाल्यावर.

मामा: कार्डं घेतो. यूपीएस आहे, पण बॅटरी जुनी झालीय. कॉपी चालू असताना लाइट गेली तर?

भाची: ती बॅटरी पहिली बदला, डिस्कच्याही आधी. लिहिणं मध्येच तुटलं तर फाइल जाते, कधी डिस्कही जाते.

मामा: मग माझं मशीन? त्याला काय राहिलं?

भाची: बरंच राहिलं. तीन हार्ड डिस्क, ४ टीबीची कामाची एसएसडी, कार्डं आणि बॅटरी, यांना एक लाख बाजूला काढा. उरलेल्या दोन लाखांत एफ नसलेला प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि मध्यम ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्डवर रॅमचे दोन स्लॉट रिकामे ठेवा, पॉवर सप्लाय मोठा घ्या. पुढच्या वर्षी कमाईतून कार्ड वाढवता येईल. मॅक घेतला तर मेमरी नंतर वाढत नाही, त्यामुळे ती आधीच जास्त घ्यावी लागते. तुम्ही असेंबल केलेलाच पीसी घ्या.

मामा: रॅम ६४ च. तिथे मी ऐकणार नाही.

भाची: चालेल. मग ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली.

मामा: ठीक. पण गिऱ्हाइकाचं काय? आठ लग्नांच्या वर साठलं तर?

भाची: बुकिंगच्याच कागदावर लिहा, की फिल्म दिल्यापासून नव्वद दिवस मूळ फुटेज ठेवू. त्याआधी डिस्क आणून दिली तर कॉपी करून देऊ. तारीख ठरली की जागा मोकळी करताना मनाला टोचणी लागत नाही. तयार फिल्म मात्र कायमची ठेवा.

मामा: नव्वद नको, सहा महिने. मुलीकडची मंडळी आषाढात जागी होतात.

भाची: मग आणखी एक डिस्क.

मामा: घेऊ.

हिशेबाची जुळवाजुळव झाली, तरी मतभेद उरतो. मामांच्या मते एडिटरचं लक्ष हे पहिलं भांडवल आहे. भाचीच्या मते फुटेज. माझा कौल भाचीला. कट चुकला तर पुन्हा बसता येतं, फुटेज हातात असेल तर दहा वर्षांनीही. उलट अंतरपाट खाली येतानाचे ते क्षण डिस्कसकट गेले तर जगातलं सर्वांत वेगवान मशीन कापणार काय? पण मामांचं म्हणणंही मी सोडत नाही. जपून ठेवलेलं फुटेज अडखळत्या मशीनवर निमूटपणे, कसंबसं कापलं गेलं, तर ते जपल्याचंही चीज होत नाही.

म्हणून मशीन घेणाऱ्याला माझं सांगणं असं. कोटेशन मागण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा. कॅमेरा सेकंदाला किती मेगाबिट लिहितो, एका कामात किती तास चित्रीकरण होतं आणि एका वेळी किती कामं हातात असतात. त्यातून डिस्कचा आकार निघतो, त्याला तीनने गुणा आणि तेवढे पैसे बाजूला काढा. उरलेल्या पैशांत मशीन. दुकानात जाताना आपल्याच कॅमेऱ्याचं फुटेज एसएसडीवर घेऊन जा, तीन ट्रॅक एकत्र लावून चालवून बघा आणि चित्र अडकलं तर ते मशीन घेऊ नका. बिल होईल तेव्हा तिसरी डिस्क कुणाच्या घरी राहणार, तेही ठरलेलं असू द्या.